जुन्या घराची लाकडी जमीन : लॅमिनेट घालण्याआधी

सुरतेच्या जुन्या शहरात, म्हणजे गोपीपुरा, नानपुरा, सय्यदपुरा, बेगमपुरा या भागांत आणि तापीपलीकडच्या रांदेरमध्ये, लाकडी तुळयांवर आणि फळ्यांवर उभे असलेले मजले अजूनही वापरात आहेत. आपल्यापैकी काही कुटुंबांची वडिलोपार्जित घरे अशीच आहेत. वरच्या मजल्यावरून चालताना फळी करकरते, कपाटाचे दार आपोआप उघडते, जमिनीवर ठेवलेली गोटी एका कोपऱ्याकडे घरंगळत जाते. घरात लग्नकार्य ठरले किंवा आईवडिलांची खोली नीट करायची ठरली की ‘वर लॅमिनेट टाकून घेऊ, दोन दिवसांत काम होईल’ असा सल्ला मिळतो.

लॅमिनेट दोन दिवसांत बसते हे खरे आहे. पण त्याखालची जमीन तयार करायला आठवडा, कधी महिनाही लागतो आणि कामाचे खरे यश त्यातच असते. घाईने झाकलेली जमीन काही महिन्यांत पुन्हा आवाज करू लागते, पट्ट्यांचे सांधे सुटतात. त्याहून वाईट म्हणजे खाली कुजत असलेली तुळई नजरेआड होते. म्हणून सभासदांच्या सोयीसाठी ही माहिती क्रमवार दिली आहे.

लॅमिनेट म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे सुतार ‘लॅमिनेट’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याला फर्निचरवर चिकटवायचा सनमायकासारखा पत्रा अभिप्रेत असतो. जमिनीचे लॅमिनेट वेगळे. लाकडाचा लगदा दाबून केलेली घट्ट पट्टी, तिच्यावर लाकडाचे चित्र असलेला कागद आणि त्यावर झिजेला टिकणारा पारदर्शक थर अशी त्याची रचना असते. घरगुती वापरासाठी ८ ते १२ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या मिळतात. त्या एकमेकींत खाचेने अडकतात. खिळे किंवा गोंद न वापरता सगळी जमीन फोमच्या पातळ थरावर नुसती टेकलेली असते.

या रचनेतच अडचण आहे. खाली खळगा असला की पाय पडताच पट्टी वाकते आणि सगळा ताण खाचेवर येतो. हजार वेळा वाकली की खाच तुटते. त्यामुळे बहुतेक उत्पादक एक साधी अट घालतात : २ मीटर लांबीत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त उंचसखलपणा नको.

उतार चालतो, खळगा चालत नाही

इथे एक फरक ध्यानात ठेवावा. जमीन पाणसळीत नसली, म्हणजे सगळी खोली एकाच बाजूला थोडी उतरती असली, तरी लॅमिनेट बसते. जमीन सपाट नसली तर मात्र बसत नाही. पत्र्याचे छप्पर उतरते असूनही सपाट असते, तसे. म्हणून संपूर्ण खोली समपातळीत आणण्याचा हट्ट प्रत्येक घरात धरायची गरज नाही. तो हट्ट धरला की भरावाची जाडी, वजन आणि खर्च तिन्ही वाढतात.

मोजणीसाठी २ मीटर लांबीची अॅल्युमिनियमची सरळ पट्टी घ्यावी. ती जमिनीवर उभी, आडवी आणि तिरपी फिरवून पट्टीखाली जिथे उजेड दिसेल तिथे फट मोजावी आणि खडूने आकडा लिहावा. उंचवट्याला अधिक, खळग्याला उणे अशी खूण करावी. शिवाय एका भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत दोरा ताणून खोलीच्या मध्यभागी किती झोळ आहे तेही पाहावे. तासाभरात जमिनीचा नकाशा तयार होतो. त्याचा फोटो काढून ठेवावा, कारण मिस्त्रीशी बोलताना ‘थोडी वाकडी आहे’ यापेक्षा ‘खिडकीजवळ उणे ११’ हे जास्त उपयोगी पडते.

जमीन वाकडी का झाली?

सुरतेच्या जुन्या घरांत मुख्य तुळया, त्यांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या अशी रचना दिसते. आपण तिला कडीपाट किंवा तक्तपोशी म्हणतो. इथला सुथार तुळईला ‘पाटडो’, फळ्यांना ‘पाटियां’ आणि वाळवीला ‘उधई’ म्हणेल. डांगचे जंगल जवळ असल्याने या भागात सागवानाची परंपरा मोठी. बिलीमोरा ते वघई ही अरुंद रेल्वे बडोद्याच्या गायकवाडी राज्याने १९१३ साली सुरू केली, ती मुख्यतः त्या जंगलातले लाकूड आणण्यासाठीच. आपल्या पायाखालची फळी कदाचित त्याच रानातली असेल.

वाकडेपणाचे स्वरूप पाहिले की कारणाचा अंदाज येतो.

• खोलीच्या मध्यभागी सगळीकडे सारखा झोळ : वर्षानुवर्षे भार सोसून तुळई वाकली आहे. जुन्या लाकडात हे नैसर्गिक आहे. १० फुटांच्या तुळईला मध्ये सेंटिमीटर-सव्वा सेंटिमीटर झोळ असेल आणि तो वाढत नसेल, तर सहसा घाबरण्याचे कारण नसते. त्याहून जास्त असेल तर अभियंत्याला दाखवावे.

• भिंतीलगत जमीन खाली गेलेली : तुळईचे भिंतीतले टोक कुजले असण्याची शक्यता आहे. नैर्ऋत्येकडचा पाऊस ज्या भिंतीवर आपटतो ती भिंत, मोरीची भिंत आणि पन्हळीजवळचा कोपरा आधी तपासावा.

• एकच कोपरा किंवा एकच खांबाची रेषा उतरलेली : कारण बहुधा एक मजला खाली आहे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने शहराचा मोठा भाग बुडाला, तेव्हा तळमजल्यावरचे लाकडी खांब पाण्यात उभे होते. खांबाचे बूड भिजून खचले की वरची जमीन बसते. वर लॅमिनेट घालून ते थांबत नाही.

• एखादीच फळी वर आलेली किंवा डुगडुगणारी : खिळा सैल झाला आहे किंवा फळी ओलीने फुगली आहे. हे सगळ्यात सोपे काम.

• कडेला वर उचललेल्या, मध्ये खोलगट फळ्या : फळीच्या खालच्या बाजूला ओल जास्त आहे. खालच्या खोलीतली वाफ, गळका नळ किंवा वरच्या बाजूने घट्ट झाकलेले जुने लिनोलियम यांची तपासणी करावी.

तुळईला झोपाळा टांगलेला असेल तर तिची तपासणी वेगळी करावी. झोपाळ्याचा भार स्थिर नसतो, हेलकाव्यासरशी तो वाढतो आणि कमी होतो. कडीसाठी पाडलेल्या भोकाभोवती भेगा दिसत असतील तर आधी झोपाळा उतरवावा, मग बाकीचा विचार करावा.

लाकूड निरोगी आहे का?

खालच्या खोलीतून तुळया दिसत असतील तर काम सोपे. छताला फॉल्स सीलिंग असेल तर किमान एक-दोन ठिकाणी ते उघडावे. लाकडावर टोचणी जोर लावून दाबावी. निरोगी सागवानात ती दोन-तीन मिलिमीटरच शिरते. लोण्यात शिरल्यासारखी गेली तर तो भाग गेला असे समजावे. हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहावे : भरीव आवाज चांगला, पोकळ आवाज वाईट.

मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. बारीक गोल छिद्रे आणि त्याखाली पिठासारखा भुस्सा दिसला तर पोखरकिडा आहे. सागाच्या गाभ्याला वाळवी सहसा लागत नाही, पण बाहेरच्या फिकट लाकडाला आणि नंतरच्या दुरुस्तीत वापरलेल्या हलक्या लाकडाला ती लागते. म्हणून ‘आमचे सगळे सागवान आहे’ या भरवशावर राहू नये. कीड असेल तर परवानाधारक कीडनियंत्रकाकडून उपचार करून घ्यावा आणि पुरेसा काळ जाऊ द्यावा, मगच पुढे सरकावे.

ओल मोजण्याचे छोटे यंत्र मिस्त्रीकडे किंवा हार्डवेअरच्या दुकानात मिळते. फळ्यांतली ओल १२ टक्क्यांच्या आत असावी. सुरतेत जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवा दमट असते आणि लाकूड फुगलेले असते. या काळात जमीन मोजून पाहायला हरकत नाही, पण काम दिवाळीनंतर ते फाल्गुनापर्यंत करावे.

फळ्यांखालून आणि फळ्यांवरून गेलेल्या विजेच्या तारा या वेळी बदलून घ्याव्यात. एप्रिल १८३७ च्या आगीत याच शहरातली हजारो घरे जळाली, कारण ती लाकडाची होती आणि एकमेकांना खेटून होती. कापडी वेष्टणाची जुनी तार लॅमिनेटखाली गाडून ठेवणे हा धोका कोणीही पत्करू नये.

कोबा नको

जमीन सारखी करायची म्हटली की काही कंत्राटदार सिमेंटचा कोबा सुचवतात. काँक्रीटच्या स्लॅबवर तो ठीक आहे. लाकडी मजल्यावर त्याचा हिशेब करून पाहू.

१० फूट बाय १२ फुटांची खोली म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. सरासरी ४ सेंटिमीटर जाडीचा कोबा घातला तर चौरस मीटरला साधारण ८० ते ८५ किलो, म्हणजे खोलीत ९०० किलोंहून अधिक वजन कायमचे बसले. त्यावर कोटा किंवा टाइल आली की आणखी भर. भारतीय मानक आयएस ८७५ नुसार राहत्या खोलीसाठी माणसे आणि सामान मिळून चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे २०० किलो भार धरतात. शंभर वर्षांच्या तुळईला आपण त्यातला मोठा वाटा नुसत्या भरावाने देऊन टाकतो. शिवाय कोब्यातले पाणी फळ्यांत मुरते आणि लाकूड हलले की कोब्याला तडे जातात.

याउलट १२ मिलिमीटर प्लायवूड आणि ८ मिलिमीटर लॅमिनेट मिळून चौरस मीटरला साधारण १५ किलो होतात. त्याच खोलीत एकूण १७० किलोंच्या आसपास.

काही घरांत फळ्यांवर आधीच माती-चुन्याचा जाड थर असतो. कोपऱ्यात थोडे खरवडून पाहावे. तसा थर असेल तर तो काढायचा की ठेवायचा हे अभियंत्याला विचारून ठरवावे. तो एका बाजूने काढत गेल्यास भार असमान होतो, आणि शेजारच्या घराची तुळई त्याच सामायिक भिंतीत टेकलेली असू शकते.

दुरुस्तीचा क्रम

खालून वर असा क्रम ठेवावा. क्रम उलटा झाला की केलेले काम पुन्हा उचकटावे लागते.

१. खांब आणि तुळया. कुजलेले टोक कापून नवे लाकूड जोडणे, तुळईला शेजारी दुसरी तुळई बोल्टने जोडणे किंवा लोखंडी चॅनेलचा आधार देणे, हे अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. वाकलेली तुळई जॅक लावून एका दिवसात सरळ करू नये. वरच्या भिंतीला तडे जातात. खालच्या खोलीत कुटुंब राहत असेल तर टेकू लावल्याशिवाय कामाला हात घालू नये.

२. फळ्या. प्रत्येक फळीवर चालून पाहावे. डुगडुगणारी फळी खालच्या कडीला स्क्रूने पक्की करावी. नुसता नवा खिळा ठोकला तर तो पुन्हा सैल होतो. कुजलेला तुकडा कापताना कापाची दोन्ही टोके कडीवर येतील असे पाहावे आणि त्याच जाडीची कोरडी फळी बसवावी. वर आलेली खिळ्यांची डोकी पंचने आत दाबावीत.

३. उंचवटे. रंधा किंवा सॅंडर फिरवून उतरवावेत. खिळे आत दाबलेले नसतील तर रंध्याचे पाते जाते. जुना रंग असेल तर तो कोरडा घासू नये, कारण जुन्या रंगांत शिसे असू शकते. पाणी मारून, तोंडाला मास्क लावून, लहान मुलांना दूर ठेवून काम करावे.

४. खळगे. तीन-चार मिलिमीटरचा खळगा पातळ प्लायचे तुकडे पायऱ्यांसारखे चिकटवून आणि कडा घासून भरता येतो. लाकडासाठी वेगळे बनवलेले लवचीक लेव्हलिंग मिश्रणही मिळते. घेताना पाकिटावर ते लाकडी जमिनीसाठी आहे असे छापलेले पाहावे. झोळ मोठा असेल तर कड्यांच्या रेषेवर लांब पाचरीसारख्या पट्ट्या झोळाच्या आकारात रंधून बसवाव्यात आणि त्यांवर प्लाय टाकावे.

खळगा भरायला फोमचे दोन-तीन थर घालण्याची पद्धत चुकीची आहे. फोम दबतो आणि लॅमिनेटची खाच तुटते. फोम एकच, २ ते ३ मिलिमीटरचा.

५. प्लायवूड. सगळ्या जमिनीवर ९ ते १२ मिलिमीटरचे प्लाय टाकले की फळ्यांची हालचाल लॅमिनेटपर्यंत पोहोचत नाही. आयएस ३०३ चे बीडब्ल्यूआर किंवा आयएस ७१० चे मरीन प्लाय घ्यावे. आठ बाय चारचा ताव जुन्या अरुंद जिन्यातून वर जात नाही. तो अर्धा कापून नेला तर जातोही आणि जमिनीवर नीट बसतोही. तावांमध्ये २ ते ३ मिलिमीटर फट ठेवावी, सांधे विटांच्या बांधकामासारखे पुढेमागे घ्यावेत, कडेने साधारण १५ सेंटिमीटरवर आणि मध्ये २० ते ३० सेंटिमीटरवर स्क्रू मारावेत. स्क्रू फळीच्या आरपार जाणार नाही एवढाच लांब असावा. खाली तार असू शकते आणि खालच्या छतातून टोके बाहेर आलेली चांगली दिसत नाहीत.

प्लाय गोंदाने चिकटवू नये. स्क्रूने बसवलेले प्लाय पुढे कधीही काढता येते आणि खालची सागवानी जमीन जशीच्या तशी मिळते.

लॅमिनेट बसवताना

पट्ट्यांची खोकी ज्या खोलीत काम आहे तिथेच किमान ४८ तास आडवी ठेवावीत, म्हणजे त्या तिथल्या हवेला सरावतात. सगळ्या भिंतींलगत, खांबाभोवती आणि चौकटीजवळ ८ ते १२ मिलिमीटर जागा सोडावी. आषाढ-श्रावणात लॅमिनेट फुगते, त्याला सरकायला जागा लागते. ती नसली तर जमीन मध्ये तंबूसारखी उचलते. ही फट स्कर्टिंगखाली झाकली जाते. स्कर्टिंग भिंतीला ठोकावे, जमिनीला नाही.

प्लाय न घालता थेट फळ्यांवर लॅमिनेट घालायचे असेल तर पट्ट्या फळ्यांना काटकोनात टाकाव्यात. प्लायवर कोणत्याही दिशेने चालतात. काँक्रीटवर वापरतात तसा प्लास्टिकचा जाड कागद लाकडी मजल्यावर सरसकट घालू नये. खालून येणारी वाफ फळ्यांत अडकते आणि त्या कुजतात.

वयस्कर माणसांसाठी एक गोष्ट

१२ मिलिमीटर प्लाय, २ मिलिमीटर फोम आणि ८ मिलिमीटर लॅमिनेट मिळून जमीन २२ मिलिमीटरने वर येते. दाराचे फळे खालून रंधावे लागते, हे सगळ्यांच्या लक्षात येते. जिन्याची शेवटची पायरी तेवढीच उंच होते, हे लक्षात येत नाही. जुन्या घरांचे जिने आधीच उभे असतात. पन्नास वर्षे त्याच जिन्याने चढणारी आजी पायऱ्या डोळ्यांनी मोजत नाही, तिच्या पायांना त्या पाठ असतात. शेवटची पायरी दोन सेंटिमीटर वाढली की पाय अडखळतो. जिन्याच्या तोंडाशी उतरती पट्टी बसवावी, पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची खरखरीत पट्टी लावावी आणि कठडा तपासून घ्यावा. लॅमिनेट ओल्या पायांना घसरते, म्हणून न्हाणीतून बाहेर येण्याच्या वाटेवर पायपुसणे न सरकणारे असावे.

कुठे घालू नये

मोरी, न्हाणी आणि पाण्याचा वापर जास्त असलेले स्वयंपाकघर यांत लॅमिनेट घालू नये. देवघराशी समईचे तेल आणि पाणी सांडते, तिथे छोटा पाट किंवा तबक ठेवावे. गळके छप्पर आधी दुरुस्त करावे.

आणि एक शेवटचा विचार. फळ्या एक इंच किंवा त्याहून जाड सागवानी असतील, निरोगी असतील आणि फक्त मळलेल्या असतील, तर लॅमिनेट घालावेच का? सैल फळ्या पक्क्या करून, घासून, फटी भरून तेल किंवा पॉलिश दिले तर तीच जमीन पुढच्या पिढीलाही पुरेल. लॅमिनेट झिजल्यावर फेकावे लागते, सागवान पुन्हा घासता येते. फळ्या फार खराब असतील किंवा आवाज आणि फटींचा त्रास होत असेल, तर लॅमिनेट हा चांगला उपाय आहे.

काम सुरू करण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून पाहायच्या गोष्टी

• जमिनीचा मोजलेला नकाशा आणि फोटो तयार आहे का?
• खालच्या मजल्यावरचे खांब आणि तुळयांची टोके कोणी पाहिली आहेत का?
• कीड, ओल आणि विजेच्या तारा तपासल्या का?
• घर सामायिक असेल तर भावकीची आणि भाडेकरूंची संमती, शेजाऱ्यांना कल्पना दिली का?
• कंत्राटदाराने अंदाजपत्रकात जमीन तयार करण्याचे काम वेगळे लिहून दिले आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल तर काम सुरू करू नये. जमीन तयार करण्याची रक्कम ज्या अंदाजपत्रकात नाही, त्यात ते कामही होणार नाही.